सरासरीची गिरणी

५ जानेवारी १९८७

“हे सरासरी कोणत्या गावची गिरणी व्हय, बाई?” असं लहानूभाऊंनी विचारलं आणि मी फस्सकन हसले. हसायला नको होतं. माणूस खरंच विचारत होता!

झालं असं की आज ब्रह्मपुरीहून बँकेचा फॉर्म आला. गावात वीज आली, म्हणून मामाजींना आता डिझेलचं इंजिन काढून मोटर बसवायची आहे, सोबत धान सडायचा नवा हलरही. कर्ज मिळेल, पण आधी आमच्या भातगिरणीचा वर्षाचा हिशेब जिल्ह्यातल्या गिरण्यांच्या सरासरीशी ताडून दाखवायचा. बारा गिरण्यांची सरासरी एका कागदावर छापून आली आहे. शंभर रुपये कमाईत मजुरी किती, इंधन किती, दुरुस्ती किती, आणि धानातून तांदूळ शेकडा किती उतरतो. मामाजींनी कागद उलटासुलटा पाहिला आणि माझ्याकडे सरकवला. “तू बीकॉम ना, बाई. पाह्य.” लग्न होऊन चांद्याहून इथे आले त्याला दीड वर्ष झालं, आज सासऱ्यांनी पहिल्यांदा माझ्या बीकॉमचं नाव काढलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

लहानूभाऊंना समजावलं की बाराही गिरण्यांचे आकडे एकत्र करून बाराने भागायचं. त्यांनी इंजिनाला तेल देता देता बराच विचार केला. “म्हंजे अशी गिरणी कुठीच नाई.” नाही म्हटलं. “मंग तिचा मिस्तरी कोन?” पुन्हा हसले. बावीस वर्षं या गिरणीचे मिस्तरी आहेत ते. त्यांच्या लेखी मिस्तरीशिवाय गिरणी असूच शकत नाही.

चहा मात्र काय करतात! चहापत्ती नुसती पाण्याला दाखवून परत डब्यात ठेवतात की काय कोण जाणे.

ही वही म्हणजे गिरणीचीच खातेवही. पुढून हिशेब आणि मागून, उलटी धरून, मी. घरी लिहायची सोय नाही. मामाजी चष्मा लावला की औषधाच्या बाटलीवरचं सुद्धा मोठ्याने वाचतात. इथे गल्ल्याच्या खणात ती निर्धास्त राहते. लहानूभाऊंना अक्षर येत नाही. ते मापागणिक भिंतीवर कोळशाची रेघ मारतात, संध्याकाळी मी रेघा मोजून वहीत आकडे उतरवते. वहीला ते कधी हातही लावत नाहीत.

६ जानेवारी

स्टुलाच्या खिळ्याने पातळ फाटलं. हिरवं. भाऊबीजेचं! बोलायची सोय नाही, म्हणतील चांद्याच्या पोरीला बसता येत नाही.

९ जानेवारी

निम्मा फॉर्म भरला. इंधन सरासरीला तीस, आमचं तेहतीस. म्हातारं इंजिन, पिणारच. दुरुस्ती सरासरीला नऊ, आमची दोन! कारण मोडलं की लहानूभाऊ स्वतःच खोलतात, स्वतःच बसवतात, आणि उरलेले दोन नट डबीत जपून ठेवतात. मजुरी सरासरीला अठरा, आमची चोवीस. हे काय म्हणून मामाजींना विचारलं. पावसाळ्यात तीन महिने गिरणी बंद असते तरी लहानूभाऊंचा पगार चालू असतो. मी म्हटलं, सरासरीत असं नसतं. मामाजी म्हणाले, “पावसाळ्यात त्याचं पोट बंद रायते काय?” लिहून घेतलं, चोवीस.

मामाजींचं लक्ष असतं म्हणायचं. स्टुलाचा खिळा कोणीतरी ठोकून सपाट केलाय. आणि आज चहा चक्क चहासारखा! आलंसुद्धा होतं. लहानूभाऊंना म्हटलं, आज काय विशेष? ते म्हणाले, थंडी पडली ना. थंडी तर महिनाभर पडली आहे.

यांचं अहेरीहून पत्र आलं. वनखात्यात काम फार, म्हणून संक्रांतीला येणं जमत नाही. सागाच्या लाकडांचे घनफूट मोजत बसले आहेत तिकडे. इथे बायको कुडव मोजते. छान जोडी!

११ जानेवारी

पन्नास. तीनदा केलं. पन्नासच येतं.

आमच्या वहीत आत येणारं धान आणि बाहेर पडणारा तांदूळ, दोन्ही कुडवाने लिहिलेलं असतं. कुडव म्हणजे ते लोखंडी माप, वीस कुडवांची एक खंडी. फॉर्मच्या तळाशी छापलंय की एक खंडी म्हणजे दीड क्विंटल. मी सगळं क्विंटलमध्ये केलं. वर्षभर बघितलं तर एक खंडी धानाला दहा कुडव तांदूळ. म्हणजे दीडशे किलोला पंचाहत्तर किलो. शेकडा पन्नास! सरासरी किती? चौसष्ट!

मग दर शंभरामागचे चौदा किलो जातात कुठे? हलर तांदूळ तोडतो म्हणावं तर आमच्याकडे कनकी, म्हणजे तुटका दाणा, अगदी कमी पडते. उंदीर खाऊन खाऊन किती खातील? मामाजी दुपारी एकदा चक्कर मारतात. दिवसभर गिरणीत माणूस एकच.

लिहवत नाही. पण इथे नाही लिहिणार तर कुठे लिहू? लहानूभाऊ?

मी या घरात आले तेव्हा पहिल्यांदा गिरणी दाखवली ती त्यांनी. धानाचा दाणा दाताखाली फोडून, “अजून ओलं हाये, दोन दिवस उन्हात घाला,” असं सांगून ते आलेलं गिऱ्हाईक परत पाठवतात. कमाई बुडते तरी! पाठ करून उभे असले तरी नुसत्या आवाजावरून त्यांना कळतं हलरची पाती सैल झाली ते. असा माणूस चौदा टक्के खाईल?

पण मग पन्नास का?

१२ जानेवारी

सकाळपासून इंजिनाच्या धुराने मळमळतंय. दुसरा महिना चुकला. अजून कोणालाच सांगितलेलं नाही. यांना पत्रात लिहू की आल्यावर सांगू? पत्र पोस्टातून मामाजींच्या हातूनच जाणार. आल्यावरच सांगावं.

जेवताना मामाजींजवळ उताऱ्याचं काढलं. नाव घेतलं नाही, पण त्यांना कळलं. घास तसाच राहिला हातात. म्हणाले, “खंडीले दहा. माझ्या बापाच्या वक्ती बी दहाच. उखळात कांडत होते तवा बी दहाच.” मी म्हटलं, मग मामाजी, बापाच्या वेळेपासून नुकसान होतंय. किती शहाणी मी! मामाजींनी हात धुतला आणि उठता उठता एवढंच म्हणाले की लहानूजवळ हे बोलायचं नाही. मी म्हटलं, मी कशाला बोलू?

१४ जानेवारी

संक्रांत. लहानूभाऊंना तिळगूळ दिला. घेतला, दोन्ही हातांनी. गोड बोलले नाहीत, कडूही बोलले नाहीत.

माझं स्टूल इंजिनाजवळून उचलून दाराशी ठेवलंय. इथे वारा लागतो, धूर येत नाही. बरं वाटलं. विचारलं तर लहानूभाऊ म्हणाले, तिथी पट्टा बदलायचा हाये, जागा लागते.

संध्याकाळी जाताना त्यांनी दारात उभं राहून खांद्यावरचा दुपट्टा झटकला. एकदा ह्या बाजूने, एकदा त्या बाजूने. सगळा कोंडा माझ्या डोळ्यांत! सणाची स्वच्छता असेल.

१६ जानेवारी

आज तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बावीस वर्षं हा माणूस कोंडा अंगावर घेऊन घरी जातो. भुवयांवर कोंडा, कानांत कोंडा. आणि आता रोज माझ्यासमोर उभं राहून दुपट्टा झटकून दाखवतोय, सदऱ्याच्या खिशातून विडीबंडल आणि आगपेटी काढून परत ठेवतोय. मला दाखवतायत ते, की काही नेत नाही!

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच घरी गेले आणि मामाजींना म्हटलं, तुम्ही सांगितलंत त्यांना. ते म्हणाले, तुझ्या सासूची आण, एक शब्द नाही बोललो. मेलेल्या बायकोची खोटी आण घेणारे नाहीत ते. मीही बोलले नाही. मग कळलं कसं?

१७ जानेवारी

जीपमध्ये नऊ जणांत दहावी होऊन ब्रह्मपुरीला गेले. बँकेतल्या साहेबांनी फॉर्म बघितला. इंधन ठीक, दुरुस्ती ठीक. उताऱ्यावर पेन्सिल थांबली. “पन्नास? एक तर यंत्र खातं, नाहीतर माणूस.” मी म्हटलं, यंत्र चांगलं आहे. बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. यंत्र चांगलं म्हटल्यावर राहिलं काय!

ते म्हणाले, एवढ्या कमी उताऱ्यावर कर्ज वर पाठवता येत नाही. नव्या हलरसोबत नागपूरहून शिकलेला माणूस घ्या, तसं शेऱ्यात लिहा आणि एकतीस तारखेच्या आत आणून द्या. मग मी बघतो. पेनही त्यांनीच पुढे केलं. मी लिहिलं, ‘कामगार बदलणार.’ शाईने. माझ्या वळणदार अक्षरात, ज्याला शाळेत बक्षीस मिळालं होतं.

परत येताना जीपमध्ये ओकले. सगळ्यांनी जागा करून दिली, तेवढाच फायदा.

१८ जानेवारी

झटकला. दोन्ही बाजूंनी.

२१ जानेवारी

मामाजींना शेरा दाखवला. दाखवावाच लागला, सही त्यांची हवी. चष्मा लावून मोठ्याने वाचायला लागले आणि दुसऱ्या शब्दावर आवाज बंद झाला. म्हणाले, सही एकतीसला करीन. मोटर नको असं म्हणाले नाहीत. इंजिन हे वर्षसुद्धा काढणार नाही हे त्यांनाही माहीत आहे, आणि इंजिन बसलं तर गिरणीच बसली. मग लहानूभाऊ तरी कुठे, आणि आम्ही तरी कुठे? ते आणि लहानूभाऊ ऐन तारुण्यात दोघे मिळून हा हलर बैलगाडीवर घालून वडसा स्टेशनहून आणायला गेले होते, वाटेत गाडी चिखलात रुतली म्हणून दोघे रात्रभर हलरवरच बसून राहिले, हे मी या घरात निदान वीस वेळा ऐकलंय. दर वेळी चिखल वाढतो.

आज संध्याकाळी मामाजी गिरणीत येऊन उगीच बसले. दोघांनी मिळून एक विडी ओढली. मी हिशेबात तोंड घालून बसले होते, एक आकडा दिसेल तर शपथ.

२४ जानेवारी

लिहू कुठून!

दुपारी बुधरीबाई आली. नदीकाठच्या गावची, बैलगाडीत दोन खंडी धान. तिच्या गावाहून इथे येईपर्यंत वाटेत दोन गिरण्या लागतात. मी सहज विचारलं, बाई, इतक्या लांब कशाला येता? ती म्हणाली, “तिथी खंडीले नऊ कुडव भरते. लहानूभाऊच्या हाताले दहा.”

मी कागद काढला. वाटेतल्या त्या दोन्ही गिरण्या सरासरीच्या बारांत आहेत! नावं छापलेली आहेत खाली. नऊ कुडववाल्यांची सरासरी चौसष्ट आणि दहावाल्यांचे पन्नास? हे कोणत्या गणितात बसतं?

मग उठले. कुडव धानाने भरला, काठोकाठ, हात फिरवून. लहानूभाऊ बघत राहिले. कडेवर पोर घ्यावं तसा तो घेऊन समोरच्या हरिदासच्या किराणा दुकानात गेले, तराजूवर ठेवला. माप वजा करून साडेसात किलो. परत आले. तोच कुडव तांदळाने भरला. पुन्हा तराजू. दहा किलो दोनशे ग्रॅम!

माप तेच, वजन वेगळं! फोलपटातलं धान पोकळ असतं, जागा अडवतं. तांदूळ एकमेकाला खेटून बसतो. फॉर्मवरचा दीड क्विंटल हा खंडीभर *धानाचा*. मी बाईसाहेबांनी तोच तांदळाला लावला! पंधरा वर्षं शाळा-कॉलेज केलं. चांद्याला आम्ही तांदूळ किलोने आणतो, धान कुठे पाहिलेलं? या गावातलं शेंबडं पोर सुद्धा ही चूक करणार नाही. ही चूक करायला बीकॉमच लागतं.

दहा कुडव तांदूळ म्हणजे एकशे दोन किलो. दीडशेला एकशे दोन. शेकडा अडुसष्ट. सरासरीहून चार जास्त!

पळत घरी. मामाजींना सगळं सांगितलं, फळा असता तर काढून दाखवलं असतं. त्यांनी शांतपणे ऐकलं. “मंग खंडीले दहाच ना?” हो मामाजी, दहाच. “तेच तं सांगून राह्यलो होतो.” आणि मग हसायला लागले ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पाणी पुसताना चष्मा खाली पडला. फुटला नाही.

२५ जानेवारी

लहानूभाऊंना सांगितलं की आपण सरासरीच्या चार पुढे. ते खूश झाले. मग काळजीत पडले. आपला आकडा त्यांच्यात घातला तर सरासरी वाढेल का, म्हणून विचारलं. थोडी वाढेल म्हटलं. “मंग नोका घालू. बाकीच्या मिस्तरीयले उगाच तरास.”

तेव्हाच म्हणायला हवं होतं, चुकले म्हणून. शब्द ओठांपर्यंत आले आणि एक गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक गेलं तर शब्दही गेले. जे त्यांना मी कधी बोललेच नाही, त्याची माफी मागायची तर आधी ते बोलावं लागेल!

संध्याकाळी दुपट्टा झटकला. दोन्ही बाजूंनी.

२८ जानेवारी

ब्रह्मपुरी. साहेबांनी भागाकार दोनदा केला, मग शिपायाकडून करून घेतला, शिपाई इथलाच होता. तो म्हणाला, बरोबर आहे साहेब, धान हलकं असते. शेरा मी स्वतः खोडला, बाजूला सही केली, आणि दुसरा लिहिला, ‘कामगार तोच राहील.’ साहेब म्हणाले, या शेऱ्याची गरज नाही. मी म्हटलं, मला आहे. कर्ज मंजूर होऊन उन्हाळ्याच्या आत मोटर बसेल.

येताना हिरवं पातळ रफू करून आणलं. ओळखूही येत नाही.

यांचं कार्ड आलं. शनिवारी, सात तारखेला येतायत. एकदाचे!

२ फेब्रुवारी

रोज झटकतात. मी मान खाली घालते. मामाजींना म्हटलं तुम्ही बोला, ते म्हणाले तुझं तू निस्तर. आज दोनदा ठरवलं. पहिल्यांदा इंजिन चालू होतं. दुसऱ्यांदा इंजिन बंद होतं, आणि ते आणखी वाईट.

तोंडाने होत नाही तर निदान इथे लिहून टाकते, मन हलकं होईल. लहानूभाऊ, मी चुकले. तुमच्याकडे संशयाने पाहिलं. गणित माझं चुकलं आणि मान तुमची खाली गेली. माझ्या वडिलांवर मी असा संशय घेतला नसता, तुमच्यावर घेतला. त्या दुपट्ट्याचं मला दिवसभर आठवत राहतं. तुम्ही कोंडा घेऊन घरी जा हो, पहिल्यासारखे.

एवढं तोंडावर बोलता आलं असतं तर!

तारीक ३

बाई, मी लहानू. मले वाचता येते. छप्पन सालच्या मागून विहारात रातच्या शाळेत शिकलो. पयले इथी मुनीमजी होते, ते मले वहीले हात लावू देत नोते, म्हणून भित्तीवर रेघा मारतो. सवय पडली. पयल्या दिवशी तो सरासरीचा कागद पाहाले वही काढली, उलटी उघडली अन् माझं नाव निंगालं. मंग रोज वाचलं. वाचाले नोको होतं, माझी बी चूक हाये. चहा पातळ होता ते खरं हाये. तुमचं कालचं वाचलं. आता दुपट्टा नाई झटकत. तुमच्या त्या दुसऱ्या गोष्टीचं मी कोनाले नाई सांगतलं. श्रीहरी शनवारी येऊन राह्यला. त्याले तुमीच सांगा.